महाविद्यालयाची निवड : वातावरण कसें पारखावें?

बारावीचे निकाल लागले, कीं घरोघरीं एक कागद तयार होतो. त्यावर पांच-सहा महाविद्यालयांचीं नांवें असतात आणि नांवांपुढें रकाने पाडलेले असतात : शुल्क किती, घरापासून अंतर किती, वसतिगृहांत जागा मिळेल कीं नाहीं, मागील वर्षाचे निकाल कसे होते, पदवीनंतर नोकरीची वाट कितपत मोकळी आहे. हे रकाने आंकड्यांनीं भरतां येतात, म्हणून ते लवकर भरतात. शेवटीं एक प्रश्न उरतो आणि तो बहुधा हलक्या आवाजांत विचारला जातो : "तिथलें वातावरण कसें आहे?" या प्रश्नाला आंकडा नसतो. कुणा परिचिताच्या मुलाला विचारलें जातें. तो "चांगलें आहे" किंवा "तिथें फार राजकारण चालतें" असें एका वाक्यांत सांगतो, आणि तेवढ्यावर तीन-चार वर्षांचा निर्णय होऊन जातो.

आज या शेवटच्या रकान्याविषयींच मला आपणांशीं बोलावयाचें आहे. ‘वातावरण’ या एका शब्दांत आपण दोन गोष्टी एकत्र बांधतों. एक, तेथील राजकीय हवा : कोणत्या विचारांचे विद्यार्थी आणि प्राध्यापक तेथें अधिक आहेत, निवडणुका होतात कीं नाहीं, संप आणि मोर्चे कितीदां निघतात. दुसरी, तेथील नित्याचें जीवन : वसतिगृह, खाणावळ, ग्रंथालय, मैदान, स्नेहसंमेलन, संध्याकाळचा चहा. पालक पहिल्या गोष्टीला भितात आणि मुलें दुसरीला भुलतात. या दोन गोष्टी निरनिराळ्या मोजण्यांत अर्थ नाहीं, दोहोंना मिळून एकच कसोटी लावतां येते, असें मला वाटतें. ती कोणती, तें आतां पाहूं.

प्रथम दोन प्रचलित समजुती बाजूला सारल्या पाहिजेत. पहिली समजूत अशी, कीं जेथें राजकारण अजिबात नाहीं तें महाविद्यालय उत्तम. परंतु शांततेचे दोन प्रकार असतात. ग्रंथालयांत असते ती एक शांतता. आणि कोणी कांहीं बोललें तर अंतर्गत गुण कापले जातील या भीतीनें पसरते ती दुसरी. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. दुसरी समजूत याच्या उलट आहे : जेथें आपल्या घरच्या मतांची चलती आहे तें महाविद्यालय सुरक्षित. पण जीं मतें मुलानें जेवतांना रोज घरीं ऐकलीं, तींच पुन्हा ऐकण्यासाठीं त्याला शेंकडों मैल दूर पाठविण्याचें प्रयोजन काय? विरुद्ध मताशीं गांठ पडून जें मत टिकतें, तेंच खरें आपलें. न तपासलेलें मत वडिलोपार्जित भांड्यासारखें फडताळांत पडून राहतें.

मग कसोटी कोणती? ती एका प्रश्नांत सांगतां येईल. जो विद्यार्थी तेथील बहुसंख्यांहून निराळा आहे, निराळ्या मताचा, जातीचा, भाषेचा वा प्रांताचा आहे, त्याचें तेथें काय होतें? त्याला बोलतां येतें का? बोलल्यावर त्याचें शिक्षण पुरें होतें का? आणि तो खोलींत, पंगतींत, मैदानावर एकटा तर पडत नाहीं ना?

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचें उदाहरण घ्या. १८८५ सालीं निघालेल्या या संस्थेंत मतभेद संस्थापकांपासूनच होते. टिळक आणि आगरकर यांचें पटेनासें झालें आणि १८९० सालीं टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षीं गणित शिकविण्यासाठीं धोंडो केशव कर्वे तेथें आले. १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरूड या त्यांच्या गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. महाविद्यालयांतील त्यांची जागा मात्र कायम राहिली आणि १९१४ पर्यंत ते तेथें शिकवीत होते. याच महाविद्यालयाच्या वसतिगृहांत राहणाऱ्या विनायक दामोदर सावरकरांनीं १९०५ सालीं पुण्यांत परदेशी कपड्यांची होळी करण्यांत पुढाकार घेतला. प्राचार्य रँग्लर परांजपे हे नेमस्त विचारांचे. त्यांनीं सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहांतून काढलें. या शिक्षेवर त्या काळीं कडक टीका झाली, आणि ती योग्यच होती असें अनेकांना आजहि वाटेल. तरी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे : त्याच वर्षीं सावरकर बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाले. विरोधी मताच्या विद्यार्थ्याला संस्था शिक्षा करते, पण त्याची परीक्षा बुडूं देत नाहीं, ही मर्यादा लहान नव्हे.

ही मर्यादा सर्वत्र पाळली गेली नाहीं. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयांत १९१६ सालीं ओटन नांवाच्या इंग्रज प्राध्यापकावर विद्यार्थ्यांनीं हल्ला केला आणि त्या प्रकरणांत सुभाषचंद्र बोस यांना काढून टाकण्यांत आलें. १९१७ सालीं त्याच शहरांतील स्कॉटिश चर्च महाविद्यालयानें त्यांना प्रवेश दिला, आणि तेथूनच ते तत्त्वज्ञान घेऊन पहिल्या वर्गांत पदवीधर झाले. पुढें १९३८ सालीं हैदराबाद संस्थानांत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ गाण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनीं ती मानली नाहीं आणि त्यांना विद्यापीठ सोडावें लागलें. त्या वेळीं नागपूर विद्यापीठानें त्यांच्यासाठीं आपलें दार उघडलें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीं एक. त्यांचें कायद्याचें शिक्षण नागपुरास झालें. एका संस्थेनें ज्यांना बाहेर घातलें, त्यांना दुसरीनें पदरांत घेतलें. इमारती, शुल्क आणि निकाल यांच्या कोष्टकांत हा फरक कधींच दिसला नसता.

कांहीं समाजांच्या बाबतींत तर हा फरक जीवनमरणाचा होता. उपस्थितिपत्रकांत नांव आहे, पण पाण्याच्या माठापाशीं आणि खाणावळीच्या पंगतींत जागा नाहीं, असा अनुभव ज्यांच्या वांट्याला पिढ्यान्‌पिढ्या आला, त्यांना वातावरण म्हणजे काय हें समजावून सांगावें लागत नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढलें आणि १९५० सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, पुढें मिलिंद या नांवानें प्रसिद्ध झालेलें महाविद्यालय सुरू केलें. प्रवेश मिळणें आणि सन्मानानें नांदणें यांतील अंतर त्यांनीं स्वतः अनुभवलें होतें.

आतां दुसऱ्या बाजूकडे, नित्याच्या जीवनाकडे वळूं. खाणावळ आणि राजकारण यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. २० डिसेंबर १९७३ या दिवशीं अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं संप केला, त्याचें कारण वसतिगृहाच्या मेसचें बिल वीस टक्क्यांनीं वाढलें हें होतें. महागाईनें गांजलेलें शहर त्यांच्या मागें उभें राहिलें. त्यांतून जें नवनिर्माण आंदोलन पेटलें, त्यानें ९ फेब्रुवारी १९७४ रोजीं मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला आणि मार्च महिन्यांत विधानसभा विसर्जित झाली. त्या आंदोलनांत गोळीबार झाले, माणसें मेलीं, कित्येक आठवडे वर्ग बंद राहिले. ताटांतील भाजीचा हिशेब विचारण्यास साधें, खात्रीचें ठिकाण महाविद्यालयांत नसेल, तर तो हिशेब रस्त्यावर विचारला जातो, हें या घटनेनें दाखविलें. म्हणून वसतिगृहाची खाणावळ कोण चालवितो, तिच्या समितींत विद्यार्थी आहेत का, जमाखर्च फलकावर लागतो का, हे प्रश्न गृहिणीच्या चौकशीचे आहेत तसे राज्यशास्त्राचेहि आहेत.

तीच गोष्ट वसतिगृहाच्या दाराची. मुलांच्या वसतिगृहाचें दार रात्रीं उशीरापर्यंत उघडें आणि मुलींचें सायंकाळींच बंद, अशी रीत अनेक ठिकाणीं चालत आली. ग्रंथालय रात्रीं दहापर्यंत उघडें असून मुलीला आठाच्या आंत परतावें लागत असेल, तर शुल्क दोघांचें सारखें आणि ग्रंथालय मात्र एकाचेंच मोठें, असा हिशेब होतो. दिल्लींत २०१५ सालीं विद्यार्थिनींनीं याच कारणास्तव ‘पिंजरा तोड’ नांवानें चळवळ उभारली. लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठीं विद्यापीठ अनुदान आयोगानें केलेल्या २०१५ च्या विनियमांतहि, सुरक्षिततेचें कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांहून भेदभावाचे नियम लावूं नयेत, असें म्हटलें आहे. मुलगी घरापासून दूर राहणार म्हणून आपल्याला काळजी वाटते, हें स्वाभाविकच आहे. त्या काळजीचें उत्तर रस्त्यावरील दिवे, रात्रीची बस आणि तत्पर तक्रार समिति यांत शोधावें. केवळ कुलपांत शोधूं नये.

याच्याशीं लागून निवडणुकांचा प्रश्न येतो. महाराष्ट्रांत महाविद्यालयीन निवडणुकांना हिंसाचाराचें गालबोट लागलें आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानें थेट मतदानाऐवजीं परीक्षेंतील गुणांवरून प्रतिनिधि नेमण्याची पद्धति आली. तिच्यानें मारामाऱ्या थांबल्या. परंतु वर्गांत पहिला येणारा विद्यार्थी वर्गाचें गाऱ्हाणें मांडण्यांतहि पहिला असतो, असें थोडेंच आहे? २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानें निवडणुकीची तरतूद पुन्हा केली आणि तो १ मार्च २०१७ पासून अमलांत आला. तरी कायद्यांत कलम असणें आणि आवारांत मतपेटी ठेवली जाणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. म्हणून प्रत्येक ठिकाणीं सरळ विचारावें : येथें मागील निवडणूक कोणत्या सालीं झाली?

सर्व देशासाठीं या बाबतींत एक मोजपट्टीहि उपलब्ध आहे. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारसी सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २००६ मध्यें लागू केल्या. उमेदवारास खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. उपस्थिति किमान ७५ टक्के, अथवा विद्यापीठानें ठरविलेली, यांपैकीं जी अधिक असेल ती. पदवीच्या विद्यार्थ्याचें वय १७ ते २२ च्या दरम्यान. छापील भित्तिपत्रकांस मनाई, हातानें काढलेलीं चालतील : असे ते नियम आहेत. ते कागदावरच राहिले तर काय होतें, तें दिल्ली विद्यापीठांत दिसलें. २०२४ सालीं तेथें मतदान सप्टेंबरांत झालें. परंतु भिंती विद्रूप करणारीं पत्रकें साफ होईपर्यंत मतमोजणी करूं नये, असें उच्च न्यायालयानें बजावलें आणि मतें मोजण्यास नोव्हेंबर उजाडला. त्याच शहरांत, १९६९ सालीं स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत, निवडणूक चालविणारें मंडळ विद्यार्थ्यांतूनच नेमलें जातें आणि अध्यक्षपदाचे उमेदवार मतदानापूर्वीं सर्वांसमोर वादविवादास उभे राहतात. या पद्धतीवरहि २००८ पासून २०१२ पर्यंत न्यायालयीन वादामुळें पडदा पडला होता. एकाच शहराच्या दोन विद्यापीठांत एवढें अंतर असेल, तर "दिल्लींत राजकारण फार" या वाक्यावरून कोणाला काय कळणार?

महाराष्ट्रापुरतें एक समाधान आहे. मतपेटी बंद होती त्या वर्षांतहि आमचा रंगमंच बंद नव्हता. १९६३ सालीं पुण्यास सुरू झालेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसारख्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांनीं पिढ्यान्‌पिढ्या तरुणांना आपला राग, आपली थट्टा आणि आपलें दुःख लोकांपुढें मांडावयास शिकविलें. तालमीच्या खोलींत निरनिराळ्या घरांतून आलेलीं मुलें एका संहितेवर भांडतात आणि रात्रीं एकाच टपरीवर चहा घेतात. हें शिक्षण कमी मोलाचें नाहीं. परंतु रंगमंच बोलूं शकतो, वाटाघाटी करूं शकत नाहीं. मेसचें बिल कमी करून घ्यावयास समितीच लागते. ज्या महाविद्यालयांत दोन्ही आहेत, तें भाग्याचें.

हें सर्व माहितीपत्रकांत सांपडत नाहीं. १९९४ सालीं स्थापन झालेली ‘नॅक’ संस्था महाविद्यालयांना श्रेणी देते, आणि २०१६ पासून केंद्र सरकारची क्रमवारीहि प्रसिद्ध होते. तिच्यांत अध्यापन, संशोधन, पदवीधरांची निष्पत्ति, सर्वसमावेशकता आणि लौकिक अशीं पांच अंगें मोजलीं जातात. हीं मापें उपयुक्त आहेत, तीं अवश्य पाहावीं. मात्र तेथील विद्यार्थ्याला प्राध्यापकाशीं असहमत होण्याची भीति वाटते कीं नाहीं, हें त्या क्रमांकावरून उमगत नाहीं. त्यासाठीं स्वतः जाऊन पाहावें लागतें.

जाल तेव्हां प्राचार्यांच्या दालनापूर्वीं सूचनाफलकापाशीं थांबा. परस्परविरोधी विचारांच्या दोन मंडळांच्या सूचना एकाच फलकावर शेजारीशेजारीं लागलेल्या दिसल्या, तर तें सुचिन्ह समजा. वादविवाद मंडळानें आणि वाङ्मय मंडळानें मागील तीन वर्षांत कोणाकोणाला बोलाविलें, तें विचारा. सगळे वक्ते एकाच सुरांतले असतील, तर त्या संस्थेंतील प्रश्नोत्तरांचाहि अंदाज येईल. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रांत १९९९ पासून कायदा आहे आणि देशभर २००९ चे विनियम आहेत. विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठीं २०२३ च्या विनियमांनीं प्रत्येक संस्थेंत तक्रार निवारण समिति आणि विद्यापीठासाठीं लोकपाल नेमण्यास सांगितलें आहे. या समित्यांवर कोण आहेत, हें द्वारपालापासून ग्रंथपालापर्यंत कोणाला तरी ठाऊक आहे का? परीक्षा आणि निकाल वेळेवर लागतात का? संपामुळें वा बंदमुळें मागील वर्षीं किती तास बुडाले आणि ते कसे भरून काढले?

आणि माहिती कोणाला विचारावी, हें सर्वांत महत्त्वाचें. आपण बहुधा गुणवत्ता यादींतल्या मुलाला किंवा विद्यार्थी पुढाऱ्याला गांठतों. दोघांचेंहि तेथें बरें चाललेलें असतें. त्यांच्याऐवजीं जो तेथें अल्पसंख्य आहे त्याला विचारा : परप्रांतांतून आलेल्या मुलीला, मराठी माध्यमांतून शिकून आलेल्या खेड्यांतल्या मुलाला, किंवा तेथें ज्या पक्षाचा जोर आहे त्याच्या विरुद्ध पक्षाच्या कार्यकर्त्याला. "तुम्हांला पुन्हा संधि मिळाली तर येथेंच याल का?" एवढा एकच प्रश्न करा आणि उत्तर देण्यापूर्वीं तो किती वेळ थांबतो, तिकडेहि लक्ष ठेवा.

एवढें करूनहि सर्वांना एकच महाविद्यालय योग्य ठरणार नाहीं. ज्या घरांतील पहिलाच मुलगा पदवीच्या दारांत उभा आहे आणि ज्याच्या कमाईकडे चार माणसें डोळे लावून बसलीं आहेत, त्याला वर्ष बुडणें परवडत नाहीं. त्याच्या बाबतींत निकाल वेळेवर लागण्याला अधिक वजन द्यावें. जी मुलगी अबोल आहे, तिला भोवतींच्या गजबजाटानें कंठ फुटेल, कीं ती अधिकच मिटून जाईल, हें तिचीं माणसेंच ओळखूं शकतील. ज्याला सभेचें वेड आहे, त्याला मुद्दाम मुक्या आवारांत कोंडूं नये. त्याचें वेड जाणार नाहीं, तें चोरून वाढेल. जें महाविद्यालय निराळ्या विद्यार्थ्याला सांभाळतें, तें बहुधा उरलेल्यांनाहि सांभाळतें, कारण चार वर्षांत केव्हां ना केव्हां प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या बाबतींत निराळा पडतोच.

शेवटचा निर्णय मात्र विद्यार्थ्याकडे राहूं द्यावा. पालकांनीं प्रवासखर्च द्यावा, चौकशीचे प्रश्न शिकवावे, आपली शंका स्पष्ट सांगावी, आणि मग मागें सरावें. १९८९ पासून या देशांत मतदानाचें वय एकवीसावरून अठरा झालेलें आहे. ज्या मुलांमुलींच्या हातीं आपण लोकसभा निवडण्याचें काम देतों, त्यांना स्वतःचें महाविद्यालय पारखून घेण्याचें काम जड वाटूं नये. आणि त्यांनीं तें नीट केलें, तर पुढचें मोठें कामहि तीं अधिक जाणतेपणानें करतील.